छोट्या रीफ टँकचं पाणी सुधारताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्याच्या काचेवर दर दोन दिवसांनी तपकिरी थर चढतो, वाळूवर लाल शेवाळाचा चिकट पडदा पसरतो, झोआ नावाचे कोरल दिवसभर मिटलेले राहतात. मग मोठा कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) येतो, नाहीतर बाटलीतलं काहीतरी पाण्यात पडतं. पंधरा दिवस बरं दिसतं आणि पुन्हा तेच. घेतलेली वस्तू बहुतेक वेळा वाईट नसते. ती चुकीच्या वेळी लावलेली असते. नळातून फॉस्फेट येतंय, वाळूत दोन वर्षांची घाण दडलीय, आणि वर फॉस्फेट शोषणारं मीडिया (फिल्टरमध्ये भरायचा पदार्थ) टाकलंय, असा हा प्रकार असतो.

खाली दिलेला क्रम चालू असलेल्या टँकसाठी आहे. नवीन टँक अजून सायकल होत असेल, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया त्यात अजून वाढत असतील, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले नसतील, तर आधी ते होऊ द्या. उदाहरणासाठी दोन फुटी टँक धरला आहे: ६० × ३५ × ३५ सेंटीमीटर, दगड-वाळू वगळून साधारण ६० लिटर पाणी, दोन क्लाउनफिश, सॉफ्ट कोरल आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कडक सांगाड्याचे कोरल). सगळे आकडे याच टँकचे आहेत, आपल्या टँकच्या पाण्यानुसार ते बदलून घ्या.

नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर किमान आठवडाभर थांबणं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही, बिघाड कशामुळे झाला ते तर त्याहून नाही.

तयारी: हाताशी काय हवं

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायला), टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला), थर्मामीटर, आणि खाऱ्या पाण्यासाठी चालणारे अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट व अल्कलिनिटीचे (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) किट. गोड्या पाण्याचे काही किट खाऱ्या पाण्यात चुकीचा रंग देतात, म्हणून डबीवर वाचून घ्या. फॉस्फेटसाठी शक्य असेल तर डिजिटल चेकरच घ्या, कारण आपल्याला जो फरक बघायचाय तो रंगपट्टीवर डोळ्यांना दिसत नाही.

याशिवाय झाकणाचा फूड ग्रेड ड्रम, एक सुटा पंप, हीटर, सायफनची नळी, रबरी फुग्याची लांब पिचकारी आणि एक वही. या ड्रमात आणि बादल्यांत कधीच साबण, फिनाइल गेलेलं नसावं. तांब्या-पितळेचं काहीही, अगदी ड्रमचा नळसुद्धा, या पाण्याला लागू देऊ नका. तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरलना मारतं, आणि तेही माशांना काही होण्याच्या कितीतरी आधी.

टप्पा १: आठवडाभर फक्त मोजा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

रिफ्रॅक्टोमीटर आधी तपासा. आरओच्या पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे तो ३५ वर बरोबर असेलच असं नाही. स्वस्त मॉडेलमध्ये तर बऱ्याचदा नसतो. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) तयार द्रावण मिळतं. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात पूर्ण विरघळवा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला हवं. ते फक्त तपासणीसाठी आहे, टँकमध्ये टाकण्यासाठी नाही.

मग रोज एकाच वेळी खारटपणा आणि तापमान टिपा. नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा पुरे. नायट्रेट किटची बाटली सांगितलीय तेवढा वेळ खरोखर हलवा, नाहीतर आकडा कमी येतो आणि उगाच समाधान होतं. हॅना कंपनीचा अल्ट्रा लो रेंज फॉस्फरस चेकर फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग; पीपीएम म्हणजे दशलक्षात किती). त्या आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि हजाराने भागा. म्हणजे चेकरवर २० आलं तर फॉस्फेट सुमारे ०.०६ पीपीएम.

आपल्याला गाठायचे आकडे असे:

- खारटपणा ३५ पीपीटी
- तापमान २५ ते २७ अंश
- अमोनिया शून्य
- नायट्रेट २ ते १० पीपीएम
- फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम
- अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक)
- कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम

> सावध: नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य करणं हे आपलं ध्येय नाही. पाणी इतकं पोषणहीन झालं की कोरल फिके पडतात आणि मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव पसरतात. बुडबुडे धरून ठेवणारा हा तपकिरी शेंबडासारखा थर घालवणं साध्या हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी कठीण.

टप्पा २: येणारं पाणी दुरुस्त करा

रीफसाठी लागणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असावा. "आमच्या घरात आरओ आहे" हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडचे घरगुती आरओ पिण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे मेंब्रेनमधून आलेल्या पाण्यात ते चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. त्यालाच टीडीएस अ‍ॅडजस्टर म्हणतात. काहींमध्ये पुढे मिनरल कार्ट्रिज असते. आणि हल्ली तांब्याचे गुण सांगून विकले जाणारे कॉपर आरओ घरोघरी आहेत. ते पाणी माणसांनी प्यावं, कोळंबीला देऊ नये.

करायचं काय:

१. टीडीएस मीटरने नळाचं पाणी, मेंब्रेनमधून थेट येणारं पाणी आणि तोटीचं पाणी असे तीन आकडे घ्या. मेंब्रेन चांगली असेल तर नळाच्या टीडीएसपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास अडतो. त्यापेक्षा बरंच कमी अडत असेल तर मेंब्रेन बदला.

२. मेंब्रेननंतर, अ‍ॅडजस्टर आणि कार्ट्रिजच्या आधी, वेगळी जोडणी काढून घ्या. आरओ दुरुस्त करणाऱ्याला "मिक्सिंगच्या आधीची लाइन" सांगितली की कळतं. वेगळं आरओ/डीआय युनिट (डीआय म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारा भाग) घेता आलं तर हा उपद्व्यापच नको.

३. त्या लाइनला रंग बदलणाऱ्या रेझिनची डीआय कार्ट्रिज लावा. डीआयनंतर टीडीएस शून्य यायला हवा. १ किंवा २ दिसू लागलं की रेझिन बदला. संपत आलेलं रेझिन धरून ठेवलेलं सिलिकेट आणि फॉस्फेट परत सोडू लागतं.

४. आरओ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पाणी फेकून द्या. बंद मेंब्रेनमध्ये टीडीएस चढलेला असतो, तो रेझिनला फुकट खाऊन टाकतो.

धरणाच्या पाण्यावर रेझिन बरंच टिकतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येऊ लागलं की तेच रेझिन बघता बघता संपतं, म्हणून मार्च ते जून नळाचा टीडीएस वारंवार बघा. पावसाळ्यात त्रास वेगळा: पाणी गढूळ येतं, सेडिमेंट फिल्टर चिखलाने भरतो आणि दाब पडतो.

समुद्र जवळ आहे म्हणून तिथून पाणी आणणाऱ्यांसाठी एवढंच: मुंबईच्या किनाऱ्यालगतचं पाणी सांडपाण्याने आणि गाळाने भरलेलं असतं, शिवाय पावसाळ्यात खाड्या-नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाही पडतो. ते टँकमध्ये नको. मालवणला डायव्हिंगला गेल्यावर दगडही उचलून आणू नका. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

> तपासा: साठवलेल्या पाण्याचा टीडीएस वापरायच्या दिवशी पुन्हा बघा. शून्य असलेलं पाणी ड्रममध्ये चार दिवसांत १० दाखवत असेल तर दोष ड्रमचा आहे.

टप्पा ३: मीठ नीट मिसळा

आधी ड्रममध्ये पाणी, पाण्यात पंप आणि हीटर, तापमान २५ अंशांच्या वर, आणि मग चालू पाण्यात थोडं थोडं मीठ. कोरड्या मिठावर पाणी ओतलं की तळाशी फार दाट द्रावण होतं, कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन बसतं आणि मग अल्कलिनिटी कमी का येते याचं कोडं पडतं.

साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ प्रति लिटर लागतं, पण वजनावर अवलंबून राहू नका. आपल्या पावसाळी हवेत उघडं पाकीट ओल धरतं, वजनात मीठ कमी आणि पाणी जास्त येतं. शेवटचं माप रिफ्रॅक्टोमीटरचं. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वापरण्यापूर्वी डबा उलटासुलटा करून मीठ हलवून घ्या.

किती वेळ फिरवायचं ते कंपनीनुसार बदलतं. काही मिठं दोन तासांत तयार होतात आणि जास्त फिरवू नका असं पाकिटावरच लिहिलेलं असतं, काहींना रात्रभर लागते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसल्यावर नव्या पाण्याची अल्कलिनिटी एकदा मोजाच. काही रीफ सॉल्ट ११ ते १२ डीकेएच देतात. टँक ७.५ वर असताना ११.५ चं पाणी १५ टक्के घातलं तर टँक ८.१ होतो, ते चालतं. तेच पाणी ५० टक्के घातलं तर एका दुपारी ९.५. नाजूक कोरलच्या टोकांना तेवढा धक्का पुरतो.

> सावध: मीठ थेट टँकमध्ये कधीही नाही, चिमूटभरसुद्धा नाही.

टप्पा ४: खारटपणा आणि तापमान एका जागी धरा

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ६० लिटरमधून रोज दीड लिटर उडालं आणि तीन दिवस कोणी बघितलं नाही, तर ३५ चं जवळपास ३८ होतं. मग रविवारी साडेचार लिटर एकदम ओतलं जातं आणि ते तासाभरात पुन्हा ३५. कोरल उंच आकड्यापेक्षा या झोक्यांनी जास्त थकतात.

टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, नेहमी शून्य टीडीएसच्या साध्या पाण्याने करा, खाऱ्या पाण्याने नाही. ही चूक ऐकायला बाळबोध वाटते, तरी अनेक टँकांचा खारटपणा ४० पर्यंत चढलेला असतो तो यामुळेच.

ऑटो टॉप-अप लावणार असाल तर त्याची टाकी मुद्दाम लहान ठेवा. फ्लोट अडकला आणि ५ लिटर आत गेलं तर खारटपणा ३२ च्या जवळ येईल, त्यातून टँक सावरतो. १० लिटरची बादली रिकामी झाली तर ३०, आणि लादीवर पाणी. नळीचं तोंड टँकच्या पाण्याच्या वर हवं, नाहीतर पंप थांबल्यावर सायफन होऊन टँकचं खारं पाणी टाकीत उतरतं.

तापमानाचा प्रश्न आपल्याकडे हीटरचा कमी आणि उन्हाळ्याचा जास्त. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो, म्हणून ३० च्या वरचं पाणी ही गाळणीचीही अडचण आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखा २ ते ३ अंश उतरवतो. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान काम करतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः जून-जुलैत, पाणी उडतच नाही, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी यांना पर्याय नाही. पंखा लावल्यावर टॉप-अप वाढतो, त्याची टाकी रोज बघा. चिलर कॅबिनेटच्या आत कोंबू नका, त्याने बाहेर टाकलेली उष्णता तिथेच फिरते.

> तपासा: सलग सात दिवस खारटपणा ३४.५ ते ३५.५ मध्ये, तापमान दिवस-रात्रीत एका अंशाच्या आत. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५: आत जाणारं खाणं आणि आत साचलेली घाण

गाळणी म्हणजे बाहेर काढणं. त्याआधी आत काय जातंय ते बघायला हवं. दोन क्लाउनफिशना गोठवलेल्या मायसिसचा (बारीक कोळंबीसारखं खाणं) एक अख्खा क्यूब फार होतो. चौथा भाग तोडा, आरओच्या वाटीभर पाण्यात वितळवा, चहाच्या बारीक गाळणीत ओता आणि ते गढूळ पाणी मोरीत जाऊ द्या. गाळणी अर्थातच टँकसाठी वेगळी ठेवा, घरात शांतता राहते. मासे एक-दोन मिनिटांत संपवतील तेवढंच टाका. कोरलसाठीचं पावडर खाणं महिनाभर बंद ठेवलं तर सॉफ्ट कोरलचं काही बिघडत नाही.

मग साचलेली घाण. पंप बंद न करता पिचकारीने दगडांच्या फटींत पाण्याचे झोत मारा. धुरासारखा तपकिरी लोट निघेल. तो पाण्यात तरंगत असतानाच फिल्टर फ्लॉसमध्ये (कापसासारखी पांढरी गाळण-चादर) अडकला पाहिजे, म्हणून आधी नवा फ्लॉस लावा आणि दोन तासांनी तो फेकून द्या.

वाळू सायफनने साफ करा, पण एका वेळी तिसरा भागच. पहिल्या आठवड्यात डावी बाजू, मग मधली, मग उजवी. वर्षानुवर्षं न हललेली जाड वाळू एकदम उपसली तर आतलं हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया पाण्यात येतं. सडक्या अंड्याचा वास आला की थांबा, नळी बाहेर काढा आणि एअर पंप लावा.

कॅनिस्टर किंवा बायो-बॉलचा (बॅक्टेरिया वाढवायचे प्लॅस्टिकचे गोळे) डबा चालू असेल तर तो या टप्प्यात उघडा. स्पंज आणि रिंग्जवर घाण अडकते, तिथेच कुजते आणि तिचा नायट्रेट होऊन टँकमध्ये परत येतो. रीफमध्ये बॅक्टेरियाचं मुख्य घर सच्छिद्र दगड. ६० लिटरला असा ५ ते ७ किलो दगड पुरतो, आणि त्याच्या आतल्या ऑक्सिजन नसलेल्या छिद्रांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. ते काम रिंग्जना सहसा जमत नाही. म्हणून कॅनिस्टरमधलं मीडिया दर आठवड्याला पाव भाग काढा आणि दोन-दोन दिवसांनी अमोनिया मोजा. रिकामा झालेला कॅनिस्टर पुढे कार्बन ठेवायला कामी येतो, फक्त दर पंधरवड्याला तो उघडून धुवा.

> सावध: राहू दिलेलं मीडिया नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात ते हलकं खळबळा.

टप्पा ६: प्रवाह आणि फ्लॉस

तळाशी बसलेली घाण कोणत्याही फिल्टरला सापडत नाही. ती आधी उचलली जायला हवी, आणि ते काम पॉवरहेडचं (टँकच्या आत पाणी ढकलणारा छोटा पंप) आहे. मिश्र कोरलच्या टँकला तासाला २० ते ३० पट फिरवाफिरव धरा, म्हणजे ६० लिटरला तासाला १२०० ते १८०० लिटर. एका मोठ्या पॉवरहेडपेक्षा समोरासमोर लावलेले दोन छोटे बरे, दोघांचे झोत मध्ये भिडले की पाणी अनियमित घुसळतं.

कुठे पाणी थांबतं ते शोधायला चिमूटभर बारीक पेलेट टाका आणि ते कुठे जाऊन बसतं ते बघा. बहुधा दगडांच्या मागे, मागच्या काचेजवळ. दगडांची भिंत काचेला चिकटवून रचली असेल तर पॉवरहेड कितीही फिरवा, उपयोग नाही. दगड चार बोटं पुढे घ्या. पृष्ठभागावर सतत लहरी हव्यात, तिथेच ऑक्सिजन आत येतो. कोरलवर मात्र थेट झोत नको, हॅमर आणि टॉर्चसारख्यांचं मांस कडेने सुटू लागतं.

फ्लॉस दर दोन-तीन दिवसांनी बदला. "अजून पांढरा दिसतोय" हे कारण चालत नाही, आणि दहा दिवस ठेवलेला फ्लॉस असण्यापेक्षा नसलेला बरा. मोठी चादर आणून एका बैठकीत तुकडे कापून ठेवले की आळस होत नाही.

टप्पा ७: पाणी बदलणं, हिशोबाने

नायट्रेट ४० आहे, आठवड्याला १५ टक्के म्हणजे ९ लिटर बदलता. नवी भर काहीच पडली नाही तर चार आठवड्यांनी तो २१ च्या आसपास येईल. पण भर पडत असतेच. आठवड्याला ४ पीपीएम वाढत असेल तर, दगड काय खातात ते सोडून दिलं, तरी याच वेगाने नायट्रेट २३ ते २७ मध्ये येऊन अडकतो आणि वर्षभर तिथेच राहतो. खाणं आवरून ती भर २ वर आणली तर तो ११ ते १३ वर स्थिरावतो, पाणी तेवढंच बदलून. टप्पा ५ या टप्प्याच्या आधी आहे तो याच कारणाने.

बदलताना क्रम असा. हीटर आणि पंप बंद करा; पाण्याबाहेर तापलेला हीटर तडकतो. काच घासा, दगडांवर झोत मारा, पाच मिनिटं थांबा. वाळूच्या ठरलेल्या तिसऱ्या भागातून सायफन करत ९ लिटर काढा. नवं पाणी टँकच्या तापमानापासून एका अंशाच्या आत आणि खारटपणात बरोबर हवं. ते दगडावर नाही, एखाद्या बशीवर हळूहळू सोडा म्हणजे वाळू उडत नाही. सगळं सुरू करा, आणि हीटर खरंच सुरू झालाय ना ते हात लावून नाही, दिवा बघून ठरवा.

पहिले चार आठवडे १५ टक्के, मग आकडे बसले की १० टक्के. एकदम ५० टक्के बदलणं फक्त संकटात.

टप्पा ८: स्किमर, लागणार असेल तर

माझं मत: ६० लिटरमध्ये दोन मासे, खाणं आवरलेलं आणि पाणी दर आठवड्याला बदललं जात असेल तर स्किमरशिवाय (बुडबुड्यांच्या फेसातून घाण कपात काढणारं यंत्र) चालतं. स्वस्त नॅनो स्किमर आवाज करतात, बारीक बुडबुडे टँकभर सोडतात आणि कपात पाण्यासारखं काहीतरी जमवतात. त्या पैशांत चांगलं डीआय येतं. मासे तीन-चार असतील किंवा संप (टँकखालची गाळणीची जोडटाकी) असेल तर मात्र लावा.

लावल्यावर दोन आठवडे त्याला हात लावू नका. नव्या प्लॅस्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत फेस धड बसत नाही. संपमध्ये तो उभा असेल त्या कप्प्यातली पाण्याची पातळी बदलता कामा नये. पातळी रोज एक सेंटीमीटर खाली-वर होत असेल तर स्किमर कधी उतू जाईल, कधी कोरडा पडेल, आणि दोष त्याच्या स्क्रूला मिळेल. कपाची मान आठवड्याला पुसा. तिच्यावर थर चढला की फेस वर सरकत नाही.

एक गोष्ट आपल्या घरांची. स्किमर आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतात. डासांच्या लिक्विड मशीनमधली पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं माशांना आणि कोळंबीला अत्यंत विषारी असतात. टँकच्या खोलीत ते मशीन, कॉइल, स्प्रे काही नको. पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल त्या दिवशी हवेची नळी दुसऱ्या खोलीतून किंवा खिडकीबाहेरून घ्या आणि कार्बन नवा भरा.

टप्पा ९: सगळ्यात शेवटी रासायनिक मीडिया

इथवर आल्यावर बऱ्याच टँकांना या टप्प्याची गरजच उरत नाही.

कार्बन आधी. ३० ते ४० ग्रॅम, आरओ पाण्यात काळी भुकटी जाईपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत, पाणी जिथून जोराने जातं तिथे. तीन आठवड्यांनी फेका. पाण्याचा पिवळेपणा जातो आणि लेदर कोरल शेजाऱ्यांविरुद्ध जी रसायनं सोडतं ती उतरतात. पहिल्यांदाच लावत असाल तर अर्ध्याच मात्रेने सुरुवात करा. पाणी एकदम स्वच्छ झालं की प्रकाश जास्त आत जातो आणि कोरल फिके पडू शकतात.

फॉस्फेट अजूनही ०.१० च्या वर असेल तरच जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे). पाकिटावरच्या मात्रेचा पाव भाग, आणि दोन-दोन दिवसांनी मोजमाप. आठवड्यात फॉस्फेट निम्म्याहून खाली जाऊ देऊ नका. झटक्यात उतरवलं की कोरलचं मांस सुटतं. जुना दगड फॉस्फेट धरून ठेवतो, त्यामुळे आकडा उतरून चार दिवसांत परत चढतो. मीडिया निकामी झालं असं समजू नका. दगड रिकामा होतोय, त्याला महिने लागतात.

नायट्रेट जास्त आणि संपमध्ये जागा असेल तर कीटो शेवाळ लावा, टँकचे दिवे बंद असतील त्या वेळी त्याच्यावर १२ तास प्रकाश. गोळा दाट झाला की तिसरा भाग काढून टाका. शेवाळ बाहेर काढलं तरच नायट्रेट बाहेर जातो.

वोडका-व्हिनेगरचे डोस, लाल शेवाळ घालवणाऱ्या पुड्या, बाटलीतले बॅक्टेरिया: ६० लिटरमध्ये पहिल्या दोन गोष्टी मी सुचवणार नाही. मात्रा थोडी चुकली की बॅक्टेरिया वाढून पाणी दुधाळ होतं आणि रात्रीत ऑक्सिजन संपतो. बाटलीतल्या बॅक्टेरियाने सहसा नुकसान होत नाही, पण घाण साचलेल्या टँकमध्ये फायदाही दिसत नाही.

> तपासा: कोणतंही मीडिया टाकल्यावर अल्कलिनिटी आठवडाभर एक दिवसाआड मोजा. ती ०.५ डीकेएचपेक्षा जास्त हलली तर मीडिया अर्धं करा.

पाणी अचानक बिघडलं तर

मासे वर येऊन तोंड उघडतायत, कोरल एकदम मिटलेत किंवा पाणी दुधाळ झालंय. आधी एअर पंप लावा, मग मोजायला बसा. खाणं बंद. मेलेली गोगलगाय किंवा मासा दगडामागे शोधा. अमोनिया ०.२५ किंवा जास्त दिसला तर तापमान आणि खारटपणा जुळवलेल्या पाण्याने ३० ते ५० टक्के बदल, आणि नवा कार्बन. यासाठी २० ते ३० लिटर मिसळलेलं पाणी घरात कायम तयार हवं, संकटाच्या वेळी मीठ विरघळायची वाट बघता येत नाही. औषध टँकमध्ये टाकू नका. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, आजारी मासा वेगळ्या टबात काढा.

लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लगेच सुरू करा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक पॉवरहेड ठेवा. हीटर आणि दिवे ठेवू नका. वीज दोन-चार तास गेली असेल आणि कॅनिस्टर चालवत असाल, तर वीज आल्यावर तो आपोआप सुरू होऊ देऊ नका. प्लग आधीच काढून ठेवा, आतलं कुबट पाणी मोरीत ओता, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून परत भरा आणि मगच चालू करा.